चिमटाताईच्या चार ओळी

माझ्या थोरल्या नणंदेला पॉलिहाऊसमध्ये सगळे चिमटाताई म्हणायचे. टोमॅटोच्या पानाच्या बगलेत फुटणारा नको तो कोंब ती नखाने खुडायची, आणि इतक्या झपाट्याने, की बाकीच्यांची एक ओळ होईपर्यंत तिच्या दोन झालेल्या असायच्या. अकरा वर्षं तिने हेच केलं. मी तिथेच पॅकिंगच्या खोलीत काम करते आणि राहतेही तिच्या वरच्याच मजल्यावर. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

एका सकाळी ती शेंड्याचं एक पान घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. पानावर गडद हिरवे आणि फिके हिरवे डाग, ठिगळं लावल्यासारखे.

"मॅग्नेशियम कमी पडलंय," मुकादम म्हणाला. "खत सोडतो."

"खत कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, आणि रांगेतल्या सगळ्याच झाडांची. इथे कोवळी पानं बिघडलीत आणि शेजारचं झाड ठणठणीत आहे. हा व्हायरस आहे."

"ताई, तुम्ही झाडांच्या डॉक्टर कधी झालात?"

खत सोडलं गेलं. दहा दिवसांत शेंड्याची पानं बारीक होत गेली, अगदी दोऱ्यासारखी. तोडलेली फळं माझ्या टेबलावर यायची तेव्हा अर्धी लाल, अर्धी पिवळट असायची. कापलं तर आत तपकिरी पट्टे.

ताईला मग चैन पडेना. जेवताना उठायची, खिडकीपाशी जाऊन कामावरून पिशवीत घालून आणलेलं पान उजेडात धरायची, परत ताटावर बसायची, दोन घास खाऊन पुन्हा उठायची. तिचे यजमान, आमचे भावजी, वैतागले. "अगं, झाडं मालकिणीची. जीव तुझा का टांगणीला?" तिने ऐकलंच नाही.

शेवटी तिने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर पॉलिहाऊसच्या बाराही ओळी आखल्या. आजारी दिसलेल्या प्रत्येक झाडापाशी फुली. पुठ्ठा घेऊन ती माझ्या टेबलाशी आली.

"पांढरी माशी रोग आणते तेव्हा दारापाशी, जाळी फाटलीय तिथे सुरुवात होते. पण माशा पकडायला टांगलेल्या पिवळ्या चिकट पट्ट्यांवर एक माशी नाही. आणि या फुल्या बघ, कशा लावल्यासारख्या चालल्यात. झाडामागून झाड."

मी पाहिलं. चौथी ओळ, पाचवी, सहावी, सातवी. तिसरी आणि आठवी स्वच्छ.

"या चार कुणाच्या?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी तोंडातून निघून गेलं.

ती आपल्या नखांकडे बघत राहिली. नखांत हिरवा रस कायमचा बसला होता.

पुढचे दोन दिवस तिने झाडाला हात लावला नाही. हात खिशात घालून ओळींमधून नुसती येरझारा घालायची. मुकादमाला वाटलं, बाई अंगचोरपणा करतेय. घरी साबणाने हात धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे उभी होती. खिडकीत भावजींनी डब्यात लावलेलं टोमॅटोचं झाड होतं, कुणीतरी दिलेल्या बियांचं. त्याचं शेंड्याचं पान तिने दोन बोटांत धरलं होतं. तेच फिके डाग.

"चहा उकळेपर्यंत रोज याचे कोंब खुडायचे मी," ती म्हणाली. "आणि तशीच कामावर जायचे. दोन महिने हे पान माझ्या नाकासमोर होतं गं! पाणी जास्त झालंय म्हणून ह्यांनाच ओरडत राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकीणबाईंच्या खोलीत गेली. मलाही सोबत नेलं, पण बोलली स्वतःच. पुठ्ठा टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, घरच्या डब्यातल्या झाडासकट. मालकीणबाई बराच वेळ त्या फुल्यांवरून बोट फिरवत होत्या.

"किती काढावी लागतील?"

"चारही ओळी. टोकाची वीसेक झाडं अजून चांगली दिसतात, पण त्यांना माझा हात लागलाय."

"मुकादमाला सांगितलं होतंस?"

"व्हायरस आहे हे सांगितलं होतं. कुणी आणला ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं."

पानं तपासायला पाठवली. आठवड्याने निकाल आला: मोझॅक नावाचा व्हायरस. हाताने, सुरीने, कपड्याने पसरणारा. मालकीणबाई चिडल्या, मुकादमावर जास्त, ताईवर कमी, पण चिडल्या. झाडं उपटायचं काम ताईने मागून घेतलं. प्रत्येक झाडावर आधी पिशवी चढवायची, मग मुळासकट ओढायचं, शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही. तीन दिवस ती वाकून होती. भावजींनी खिडकीतला झाडाचा डबा स्वतःच रिकामा केला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

नंतर प्रत्येक ओळीच्या तोंडाशी दुधाचं पातेलं आलं. दुधात हात बुडवले की रोग पसरायचा कमी होतो, असं तपासणी करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. बायका हसायच्या. "घरी चहाला दूध नाही आणि इथे बोटांना आंघोळ!" ताई मात्र पातेलं सोबत सरकवत प्रत्येक झाडानंतर हात बुडवायची. आता तिची एक ओळ व्हायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

बाकीच्या आठ ओळी हंगामभर टिकल्या. मध्ये दोन झाडांवर संशय आला, तीही काढली. परवा मुकादम स्वतः एक पान बंद पिशवीत घालून तिच्याकडे आला. "ताई, जरा बघता का?"

तिने उलटंपालटं करून पाहिलं. "काही नाही. उन्हाने वळलंय."

मुकादम निघून गेला. ताई कामाला लागली, पण दुपारपर्यंत तीन वेळा त्या झाडापाशी जाऊन आली.