घरपट्टी वाढवून घेणारे साडू

स्वतःच्या घराची घरपट्टी आपणहून वाढवून मागायला महापालिकेत गेलेला माणूस अख्ख्या सांगलीत एकच असणार, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला साडू म्हणून यावा, हे माझं नशीब. आमच्या कॉलेजमागच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात भाडेकरू आहे, पण महापालिकेच्या लेखी एकाही घरात नाही. भाडेकरू दाखवला की घरपट्टी चढते. म्हणून पाहणीचा माणूस आला की विद्यार्थी भाचे होतात, बँकेतले कारकून मेहुणे होतात आणि गॅलरीत वाळणारे परके टॉवेल घरचे होतात. साडूंनी मात्र माझ्या शेजारच्याच आपल्या घरात वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या आणि पहिला भाडेकरू यायच्या आधीच कर विभागात जाऊन सांगितलं, घर भाड्यानं देतोय, कर लावा. तिथल्या कारकुनाला बराच वेळ वाटत होतं, की हे काहीतरी तक्रार घेऊन आलेत.

साडू मूळचे तासगावचे, आणि जन्मभर एसटीत कंट्रोलर. नियम त्यांच्या अंगात मुरला होता. पाहुण्याला सोडायला स्टेशनच्या बाहेर थांबायचं असलं, तरी ते प्लॅटफॉर्म तिकीट काढत. गल्लीतल्या बेवारशी कुत्र्याचा परवाना त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला, कारण ‘ते आपल्याच दारात झोपतंय.’ नवा भाडेकरू आला की त्याला घेऊन पोलीस ठाण्यात माहिती द्यायला जात, आणि येताना दोघं चहा पिऊन, जुने मित्र असल्यासारखे परत येत. हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण माझी बायको दर सणाला, “दाजींसारखं एकदा तरी वागून बघा,” म्हणायची, ते सोसवत नसे.

माझ्याकडे तेव्हा वडूजची एक नर्स आपल्या लहान मुलीसह राहायची. सगळा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा. पाहणीचा माणूस आला तेव्हा मी नुसतं ‘मावसबहीण’ म्हटलं. साडू तिथंच पोहे खात बसले होते. त्या माणसाने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. साडू घास गिळून शांतपणे म्हणाले, “त्यांची मावसबहीण कोण, ते त्यांनाच ठावं. मी बायकोकडनं पाव्हणा हाय.” खोटं बोलले नाहीत, आणि मलाही उघडं पाडलं नाही. याचाही मला रागच आला.

पुढं मुलीच्या शाळाप्रवेशासाठी नर्सला राहत्या घराचा पुरावा हवा झाला. तिनं माझ्याकडे भाडेकरार मागितला. बहिणीशी भाडेकरार कसा करणार? मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी ती म्हणाली, “दादा, तुमी बहीण म्हणालात, त्यातच सगळं आलं. पण पोरीला शाळा पायजे.” आणि महिनाअखेरीला ती साडूंच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली. त्यांनी रीतसर नोंदणी करून करार तिच्या हातात दिला. पोरगी शाळेत गेली. संध्याकाळी ती साडूंच्या पायरीवर बसून मोठ्यानं पाढे म्हणायची, ते माझ्या रिकाम्या खोलीत अगदी स्वच्छ ऐकू यायचं. खोली पुढं सहा महिने कुणी घेतली नाही, आणि मीही पाटी लावली नाही.

एका सकाळी साडूंच्या छातीत कळ आली. नर्सनंच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांचे आजी-माजी भाडेकरू दाटीवाटीनं बसलेले, कुणी डबा आणलेला, कुणी रक्त द्यायला बाही वर सारलेली. मला त्या माणसाच्या दुखण्याचाही हेवा वाटला. माझ्या छातीत दुखलं तर कोण कोण येईल, याची मी मनात मोजणी सुरू केली आणि बायकोपाशीच थांबलो.

साडू बरे झाले, पण पुण्याच्या लेकीनं त्यांना आणि मेहुणीला आपल्याकडे नेलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाव्हणं, खालच्या खोल्यांतबी आता बिऱ्हाड येतंय. तेवढं पालिकेत कळवा. मला आता तो जिना चढवत न्हाई.” त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी गेलो. खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर काम सांगितलं, तर कारकुनानं मान वर करून विचारलं, “तुमी त्येंचे कोण?” मी म्हणालो, साडू. तो लगबगीनं उठला, त्यानं बाजूचं दार उघडून मला आत घेतलं, आपली खुर्ची पुसून पुढं सरकवली आणि स्वतः उभा राहिला. त्या घडीलासुद्धा मी मनात जळलोच. मग त्यानं विचारलं, “परत कवा येणार ते?”

येतील, म्हणालो मी, आणि त्यांच्या मानाच्या त्या खुर्चीत, जरा कडेकडेनंच, बसलो.