दुसरी पिचर

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर आले, एसपी आले, आणि स्पर्धांना स्वतःचा संघ पाठवायचा हक्कही आला. साहेबांच्या इमारती व्हायला वेळ लागला. मुलींचा सॉफ्टबॉल संघ मात्र लगेच उभा राहिला. खेळाच्या सरांनी वर्गात येऊन विचारलं, "दगडानं चिंचा कोण पाडतं?" दोन हात वर गेले. त्या दोघी पिचर झाल्या.

सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून, हात गोल फिरवून टाकते. चिंचांशी त्याचा काही संबंध नाही, हे सरांनाही नंतर कळलं असावं.

पहिली पिचर आडत दुकानदाराची मुलगी होती. तिचा चेंडू फलंदाजाला दिसायच्या आत कॅचरच्या हातात असायचा. दुसरी मी. सर म्हणाले, "ती दमली की तू." ती दमत नव्हती. त्यामुळे माझी कारकीर्द बाकावर सुरू झाली आणि बरेच दिवस तिथंच राहिली.

दुष्काळ होता. मैदान इतकं कडक झालं होतं, की सरांनी घसरून बेस गाठायला बंदी केली. गुडघा फुटला तर धुवायला पाणी नव्हतं. स्पर्धेसाठी नांदेडला गेलो तेव्हा तिथल्या नळाला पाणी पाहून आम्ही सगळ्या आधी डोकी धुवून घेतली. सलामीचा सामना ओल्या केसांनी जिंकलो.

उपांत्य सामना नांदेडशीच होता. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढं. तेवढ्यात चुन्याच्या फक्कीच्या रेषेजवळ पहिल्या पिचरचे वडील दिसले. धोतर, टोपी, हातात पिशवी.

"अप्पा, तुम्ही इथं?"

"उद्या उदगीरचे पाव्हणे येऊन राहिले तुला बघायला. चल, एसटी सुटती."

सर धावत आले. "काका, एकच डाव राहिलाय."

"पाव्हण्यांना काय सांगू? डाव राहिलाय म्हणून?"

तिनं चेंडू माझ्या हातात दिला. "तिसरी पोरगी लई जोरात मारती. तिला आत, अंगाजवळ टाक," एवढं सांगून ती खेळाच्या कपड्यातच वडिलांच्या मागं चालत गेली.

मी पहिल्या मुलीला चार चेंडू बाहेर टाकले. नियमाप्रमाणे ती चालत बेसवर गेली. दुसरीही गेली. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "त्या पहिलीला बोलवा की!" मलाही तसंच वाटत होतं.

तिसरीला आत टाकला. तिनं तो सरळ माझ्या पोटावर मारला. मी दुखलं म्हणून पोट धरलं, तर चेंडू हातातच होता. ती झेलबाद. बेसवरच्या दोघी चेंडू पुढं गेला समजून पळत सुटल्या होत्या. कॅचर ओरडली, "दुसऱ्या बेसला फेक!" मी फेकला. तिथून तो पहिल्या बेसला गेला. झेल झाला की आपल्या बेसवर परतावं लागतं, दोघींना तेवढा वेळच मिळाला नाही. तिघी बाद, सामना संपला. मी एकीलाही चकवलं नव्हतं. मैत्रिणींनी मला उचललं तेव्हा मी म्हणत होते, "पोटाला धरू नका."

तिसऱ्या दिवशी, अंतिम सामन्याच्या सकाळी ती एकटीच एसटीनं परत आली. आम्ही सगळ्या तिच्याभोवती जमलो.

"पाव्हणे काय म्हणाले?"

"मुलाच्या आईनं हात हातात घेतला अन् म्हणाली, बाप्यासारखा हात हाय."

"मग?"

"अप्पा म्हणाले, हाव, हाय. चहा घ्या अन् निघा."

आम्हाला हसावं की नाही ते कळेना. ती हसली, मग आम्हीही हसलो. अंतिम सामन्यात तिनं चेंडू टाकला, मी बाकावर बसले, आणि आम्ही हरलो. मला वाईट वाटलं, पण बाकावर बसायला मिळालं याचं बरंही वाटलं.

पुढं तिचं लग्न धर्माबादला झालं. तिथल्या सासूनं हात तपासला नाही. सरांनी मला पहिली पिचर केलं आणि एका नव्या मुलीला दुसरी. सुरुवातीपासून टाकायचं म्हटलं की मला आदल्या रात्री झोप लागायची नाही. शेवटी मीच सरांना म्हणाले, "आधी दुसरीला पाठवा. बिघडलं की मला बोलवा."

"लोक उलटं मागतात," सर म्हणाले. पण त्यांनी ऐकलं. कॉलेज संपेपर्यंत मी बिघडलेल्या सामन्यांतच उतरले. काही सावरले, बरेच नाही. मला मात्र झोप चांगली लागायची.

खेळाच्या जोरावर नायगावच्या एका शाळेत नोकरी लागली, तीही बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागेवर. मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, "मध्येच येऊन वर्ग सांभाळता येईल ना?"

मी म्हणाले, "मध्येच असेल तर येईल."