थेंबांच्या बाटलीवरची वेणी

बाबांची नजर एकदम गेली नाही, कडेकडेनं गेली. आधी दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या, मग शेजारी ठेवलेला चहाचा कप सांडू लागला. काचबिंदू आहे हे कळलं तोवर मधोमध एक झरोका तेवढा उरला होता, आणि तोही धुरकट. "गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सकाळ-रात्रीचे थेंब लिहून दिले.

बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. घरातला पंखा, कुकर, शेजाऱ्यांचा मिक्सर, सगळं त्यांच्याच हातून दुरुस्त व्हायचं. नजर गेल्यावर त्यांनी हातही मिटून घेतले. दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचे. आईनं काही विचारलं तर "हो," नाहीतर "बघू."

त्या थंडीत मी स्वतःसाठी स्वेटर विणत होते. मी कॉलेजात गणित शिकवते; नाताळच्या सुट्टीत दुपारी आम्ही तिघं गच्चीवर ऊन खात बसायचो. आई मटार सोलायची. इंदूरचं ते डिसेंबरचं ऊन अंगावर शालीसारखं पडून राहतं, आवाज लांब जातात, आणि माणूस जागा आहे की झोपेत हे त्याचं त्यालाही कळत नाही. अशाच एका दुपारी बाबांचा हात माझ्या मांडीवरच्या विणकामावर आला आणि तिथंच थांबला.

"हे काय उंच उंच लागतंय?"

"वेणी आहे, बाबा. वेणीची वीण. काही टाके छोट्या सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे आधी विणायचे, मग धरलेले विणायचे. की पीळ पडतो."

त्यांचं बोट पिळावरून हळूहळू वर गेलं. "हा पदर वरून आला... आता खाली गेला... हा बघ, परत वर आला." मग बोट पिळाच्या टोकाशी थांबलं. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, डुलकी लागली. तेवढ्यात ते म्हणाले, "अगं, हे दिसतंय मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुया मागितल्या.

ते सोपं गेलं नाही. सुलट टाका जमला, उलट जमेना. टाके सुईवरून सुटायचे आणि सुटलेला टाका डोळ्यांना दिसल्याशिवाय पकडणं मलाही जड जातं. एकदा अख्खी ओळ उसवली तेव्हा त्यांनी सुया भिंतीवर फेकल्या. "मैं कोई बच्चा हूं क्या, खिलौना पकडा दिया!" रागात बाबा नेहमी हिंदीत जात. आईनं सगळं गोळा करून कपाटात ठेवलं. काही दिवस कोणी विषय काढला नाही. मग एका सकाळी, दात घासता घासता, त्यांनी आईला विचारलं, "ते कुठे ठेवलंस?"

यावेळी त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक टाक्याला अंगठा लावायचे, ओळखायचे, मगच पुढे सरकायचे. सुलट टाका गुळगुळीत, उलट टाक्याला गाठ. एकाशेजारी एक सुलट-उलट घालत गेलं की साबुदाण्यासारखं दाणेदार कापड होतं, ते त्यांना फार आवडलं. "हे खिचडीचं," म्हणायचे. वेणीसाठी लागणारी छोटी सुई मात्र त्यांना पसंत नव्हती. प्लास्टिकची होती, टाके घसरायचे. त्यांनी मला सायकलच्या चाकाची एक तार आणायला लावली. तिचा तुकडा पकडीनं तोडून घेतला, मध्ये किंचित बाक दिला आणि दोन्ही टोकं काचकागदावर घासत दुपारभर बसले. मधूनमधून टोक ओठाला लावून बघायचे. आई लांबूनच बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिनं त्या दिवशी संध्याकाळी गाणं गुणगुणलं.

कारखान्यातले त्यांचे एक जुने मित्र गराडू, म्हणजे कंदाचे मसालेदार तुकडे, तळून घेऊन आले, तेव्हा बाबा विणतच होते. काका दारातच थबकले. "क्या भिया, स्वेटर बुन रिये हो?"

"मफलर. तुम्हारी भाभी का."

आई आतून म्हणाली, "यांचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते हो. तलवार गेली, सुई आली." बाबा खो खो हसले. गराडूचा मसाला लोकरीला लागू नये म्हणून विणकाम आधी काखेत धरलं आणि मगच खायला हात पुढे केला.

मफलरची लोकर मोहरीच्या रंगाची होती, मी त्यांना तसं सांगितलंही होतं. पण एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "काल मफलर बघितला मी. स्वप्नात. हिरवा आहे. हातोदच्या रस्त्याला गहू वर येतो ना, थंडीत, तसा हिरवा. आणि लांबच लांब. तू त्याच्यावरून चालत होतीस."

"पिवळा आहे, बाबा."

"असेल," ते म्हणाले. "मला हिरवा दिसला." स्वप्नात त्यांना अजून सगळं स्वच्छ दिसतं, हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. आईनं तो मफलर पुढे सगळ्यांना हिरवाच म्हणून दाखवला. लोक तिच्याकडे बघत राहायचे.

थंडी सरता सरता ती गोष्ट घडली. आई हळदीकुंकवाला गेली होती, मी कॉलेजात. बाबांनी एकट्यानं डोळ्यात थेंब घालायचं ठरवलं. फळीवर शेजारीच आईच्या कानाच्या थेंबांची बाटली होती, तेवढीच, तशीच. मी घरी आले तेव्हा ते मोरीत नळाखाली डोळा धरून उभे होते, शर्ट छातीपर्यंत भिजलेला. मी त्यांना तसंच रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाईंनी डोळा धुतला, तपासला, म्हणाल्या की वेळेवर पाणी मारलं म्हणून निभावलं. आई रात्रभर रडली, "माझीच बाटली" म्हणत. बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, झालं, आता हे परत बाहेर येत नाहीत.

डोळ्याची लाली उतरली तशी त्यांनी मला हाक मारली. "बारीक लोकर आण. अगदी बारीक. आणि त्या बाटल्या दे इकडे, माप घेऊ दे."

सकाळच्या बाटलीला त्यांनी वेणीचा पट्टा विणला, रात्रीच्या बाटलीला साबुदाण्याचा. आईच्या कानाच्या बाटलीवर आडव्या जाड कडा, बोट ठेवताच कळतील अशा. पट्टे घट्ट बसले. त्या सकाळी आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून बघत होतो. बाबांनी फळीवर हात फिरवला, वेणी शोधली, मान मागे टाकली आणि थेंब घातला. मग दुसऱ्या डोळ्यात. आईनं माझं मनगट इतकं दाबून धरलं होतं की वळ उठला.

पुढच्या तपासणीला आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. शेजारी सांवेरकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचा मुलगा नंबराची चिठ्ठी घ्यायला खिडकीशी गेला होता. त्यांना अजिबात दिसत नव्हतं. बाबांच्या हातातली बाटली घरंगळली आणि त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती उचलली, परत द्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबल्या. त्यांचा अंगठा पट्ट्यावरून वर गेला, खाली आला.

"अरे, ये तो चोटी है," त्या म्हणाल्या. "इत्ती सी चोटी! किसने गूंथी?"

मी वळून बघितलं तर बाबांचा चेहरा ऊन पडल्यासारखा झाला होता.

"मैंने," ते म्हणाले. "आपकी शीशी कौन सी है, माताजी? दिखाओ."

बाईंनी पदराच्या गाठीतून दोन बाटल्या काढल्या; वरची खूण वाचून सकाळची मी बाबांच्या हाती दिली. बाबांनी आपल्या बाटलीवरचा पट्टा ओढून काढला, त्यांच्या बाटलीवर चढवला आणि त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. "ये सवेरे की." मग खिशातून दुसरी बाटली काढली. साबुदाण्याचा पट्टाही बाईंच्या रात्रीच्या बाटलीवर गेला. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

घरी परतताना ते रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते. बाहेर दुपार होती, गाड्यांचा गोंगाट होता, पोह्याच्या गाड्या आवरत होत्या. मला वाटलं, झोपले.

"त्या बाईंना कानाचे थेंब नाहीत ना?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही, बाबा. मी मुलाला विचारलं."

"बरं," ते म्हणाले. "लोकर घेऊनच घरी जाऊ मग. आपल्याला दोन पट्टे लागतील."