मुठीखालची कडी

लग्न होऊन मी कागलहून मंगळवार पेठेत आले तेव्हा माझं शिलाई मशीन बरोबर आणलं होतं. घरात दुसरीकडं जागा नव्हती म्हणून सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, ते टीव्हीच्या खोलीत खिडकीखाली बसवून दिलं. त्यामुळं दुपारी मी ब्लाउज शिवायला बसले की समोर मामंजी आणि त्यांचे जुने पोलिसी सिनेमे असायचे. आता मामंजी पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि मशीन अजून तिथंच आहे.

मामंजी पोलिसात होते, पण चोर पकडणाऱ्यांतले नव्हेत. मुख्यालयाच्या शस्त्रागारात त्यांचा जन्म गेला. हत्यारं खोलायची, पुसायची, तेल द्यायचं, पुन्हा जोडून ठेवायची. सिनेमा बघतानाही ते नटाच्या तोंडाकडं बघत नसत, हातातल्या रिव्हॉल्वरकडं बघत. खरं आहे की खेळण्यातलं, आणि खरं असेल तर कुठलं. पडद्यावर नायक आईच्या मांडीवर प्राण सोडत असायचा, मी पदरानं डोळे पुसत असायची आणि मामंजी म्हणायचे, "मगाशी निराळं हुतं. ह्ये बदललंय."

नवी सून म्हणून मी तोंड मिटून मशीन चालवायची. एका दुपारी त्यांनी हात वर केला. "पोरी, मशीन जरा थांबीव. इन्स्पेक्टरच्या हातात काय दिसतंय तुला?"

मला काय दिसतंय, हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. माहेरी वडील बोलायचे आणि आम्ही ऐकायचो. मी म्हटलं, "मला काय त्यातलं कळतंय, मामा?"

"काज कुठं तिरकं गेलंय त्ये कळतंय न्हवं? मग ह्येबी कळंल. दिसंल त्येच सांगायचं. मनाचं घालायचं न्हाई."

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. कंपन्यांची इंग्रजी नावं मला कधी पाठ झाली नाहीत, म्हणून मी माझ्यापुरत्या दोन जाती केल्या. मधोमध मोडून उघडणारी जुनी विलायती, आणि गोळ्यांची चक्री कुशीला बाहेर पडणारी. आणखी एक खूण त्यांनी शिकवली. पोलिसाच्या त्या जुन्या हत्याराला मुठीखाली एक छोटी कडी असते. तिच्यात दोरी ओवून ती खांद्यात अडकवायची, म्हणजे झटापटीत हत्यार हातातून सुटलं तरी हरवत नाही. त्यांचं म्हणणं, सिनेमावाल्यांची नकली पिस्तुलं करणारे नळी करतात, मूठ करतात, पण कडी विसरतात. त्यानंतर मी कुठलाही सिनेमा नीट बघू शकले नाही. बायका हिरोइनीच्या साडीबद्दल बोलायच्या आणि माझं लक्ष खलनायकाच्या मुठीवर.

मामंजींची एक गोष्ट होती आणि ती आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकावी लागायची. कोल्हापुरात स्टुडिओ जोरात होते त्या काळात एका पोलिसी सिनेमासाठी वरून परवानगी आली आणि शस्त्रागारातलं खरं रिव्हॉल्वर शूटिंगला गेलं. त्याच्याबरोबर राखण म्हणून मामंजी गेले. "त्या पिच्चरमधी हाय ते आमचं हत्यार हाय," ते सांगायचे. खुद्द त्यांनी तो सिनेमा कधी बघितला नव्हता. लागला तेव्हा यांना बंदोबस्त, आणि उतरला तेव्हाही बंदोबस्त. आमच्या घरातले, म्हणजे माझे मिस्टर, चेष्टा करायचे. "हत्यार झालं हीरो, आन आबा राहिलं शिपाई." गल्लीत कुणी नवखा दिसला की कट्ट्यावरचे विचारायचे, "पावणं, बंदुकीची गोष्ट ऐकलीसा का?" आत्ती तर सरळ म्हणायच्या, "लगीन झाल्यापासनं ऐकतोय. मला न्हाई काय खरं वाटत." मामंजी हसण्यावारी न्यायचे. पण नंतर खुर्चीत बसून चष्मा बराच वेळ पुसत राहायचे, आणि ते मी मशीनवरून बघत असायची.

अलीकडं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. कडेकडेचं दिसतं, मधलं नेमकं पुसल्यासारखं होतं. टीव्हीतलं रिव्हॉल्वर आता त्यांना दिसत नव्हतं. तरी दुपारी ते खुर्चीत येऊन बसायचे आणि मी त्यांना सांगायची. आणि एक दिवस म्हणाले, "ते पिच्चर कुठं गावतंय का बघा की. मला आता माझाच भरवसा वाटंना. लोकं म्हनत्यात तसं मी रचूनच सांगत हुतो का काय, कुणास ठावं."

मिस्टरांनी फोनवर शोधून तो टीव्हीवर लावला. चित्र धुरकट होतं आणि मधे मधे तुटत होतं. नायकाच्या हातात रिव्हॉल्वर आलं ते शेवटच्या पाठलागात. मी चित्र थांबवून टीव्हीला नाक लावलं. मुठीखाली कडी नव्हती. पुढं झटापटीत ते दगडी पायरीवर पडलं आणि लाटणं पडावं तसं टुणकन उडालं. सरळ सरळ लाकडाचं होतं.

मामंजी माझ्या आवाजाकडं तोंड करून बसले होते. मिस्टर मला डोळ्यानं खुणावत होते, हो म्हणून टाक. खरं सांगते, शब्द ओठावर आला होता. म्हाताऱ्या माणसाला एक 'हाय' देऊन टाकायला माझं काय जात होतं? पण दिसंल तेच सांगायचं, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच कसं फसवायचं?

"कडी न्हाई, मामा. लाकडाचं हाय."

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले आणि उठून आत गेले. त्यानंतर दुपारी ते टीव्हीच्या खोलीत येईनात. गल्लीत कुणी गोष्ट काढली तर "म्हातारपणी काय ध्यानात ऱ्हातंय" म्हणून विषय तोडायचे. रिकाम्या खुर्चीसमोर मशीन चालवताना मला रडू यायचं. ज्या माणसानं मला या घरात पहिल्यांदा विचारलं, त्याचा शब्द माझ्याच तोंडून खोटा पडला होता.

मग मी हट्टाला पेटले. मिस्टरांच्या मागं लागून लागून त्याच सिनेमाची दुसरी, स्वच्छ आणि लांब प्रत शोधायला लावली. रविवारी मटणाचं जेवण झाल्यावर मामंजींना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. आत्ती दारात गवारी मोडत बसल्या होत्या.

मागच्या प्रतीत न दिसलेला एक तुकडा यात होता. पाठलागाला निघण्याआधी नायक टेबलाशी उभा राहतो. मग पडद्यावर नुसते दोन हात येतात. रिव्हॉल्वर मधोमध मोडतं, गोळ्या एकेक करून चक्रीत बसतात, आणि रिव्हॉल्वर मिटतं. मी चित्र थांबवलं. पण शिंपिणीची नजर, ती आधी कपड्यावर गेली.

"कोट तोच हाय, पर बाही आखूड पडलीया," मी म्हटलं. "मनगट सगळं उघडं हाय. ह्यो हात हीरोचा न्हाई."

मिस्टर म्हणाले, "तू बाही बघतीस व्हय? कडी बघ की."

बाहीचं ऐकून आत्तींनी मान वर केली. गवारीचं ताट बाजूला ठेवून त्या उठल्या, टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि पदरानं काच पुसली.

"ह्यो ह्यांचा हात हाय."

पडद्यावरच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी राधानगरीकडच्या गावात वैरण कापताना मामंजींना विळा लागला होता, ती खूण. इतकी वर्षं मी त्यांना चहाचा कप देत आले आणि पडद्यावर ते नख मला ओळखू आलं नव्हतं.

"आत्ती, एवढी खात्री?"

"लग्नात मान वर करून तोंड बघायची सोय हुती व्हय आमच्यात? हातात हात दिला तवा ह्योच अंगठा बघितलाता. तोंड दोन दिसांनी बघितलं."

मामंजी हळूहळू सांगू लागले. नायकाला गोळ्या भरणं जमेना, सारख्या खाली सांडायच्या. शिवाय भरलेलं सरकारी हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, असा हुकूम होता. म्हणून दिग्दर्शकानं नायकाचा कोट यांच्या अंगात चढवला. पाठलागाच्या वेळी मात्र यांनी हत्यार पेटीत घातलं आणि पेटीवर बसून राहिले. त्या पळापळीत सुताराचं लाकडी पिस्तूल वापरलं, हे यांना कुणी सांगितलंच नाही. आणि मागच्या प्रतीत गोळ्या भरण्याचा तुकडाच नव्हता, म्हणून आपणच सगळं रचलं असं त्यांना वाटून गेलं होतं.

"अवो, मग हात तुमचा हाय, ह्ये का न्हाई सांगितलं आजवर?" आत्तींनी विचारलं.

"हाताचं काय सांगायचं? हात सगळ्यांस्नी असत्यात. हत्यार सरकारी नंबराचं हुतं." मग माझ्या दिशेला तोंड वळवून म्हणाले, "पोरी, कडी हाय का न्हाई?"

त्या दिवशी मी खोटं बोलले असते तर आता माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती? मी पुढं वाकून बघितलं. मुठीखाली कडी होती, आणि तिच्यावर उजेडाचा एक ठिपका होता.

"हाय, मामा."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. मिस्टर उठून आत गेले आणि उगाचच सगळ्यांसाठी चहा टाकला. या दोघांनी मला काय काय दिलं, हे मला कधी नीट सांगता आलेलं नाही. एकानं बघायला शिकवलं. दुसरीनं न बोलता मशीनला खिडकीखालची उजेडाची जागा दिली.

आत्ती सिनेमाला कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी गवारीचं ताट उचललं, मामंजींच्या खुर्चीला पाठ टेकून खाली बसल्या आणि त्यांचा उजवा अंगठा हातात घेऊन ते चिरलेलं नख चाचपून बघितलं.

"परत लाव की," त्या मला म्हणाल्या. "सुरवातीपासनं."