मायचा एकच पाय सुजला होता

मागच्या महिन्यात मायला कुहीहून नागपूरला केमोला नेलं. मी तिकडे गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात, सुट्टी टाकून आलो होतो. गाडीत झोप नाही, डोकं जड...

बसमधून उतरलो तर माय एक चप्पल पायात अन् एक हातात घेऊन चालत होती. मी चिडलो. ती म्हणे, "चावते ते बापू, तू चाल पुढं."

दवाखान्यात डॉक्टर मॅडमना ती हातातली चप्पल दिसली. पाय दाखवा म्हणाल्या. माय लाजली, "पोराले भाईर पाठवा पहिले."

मी भिंतीकडे तोंड केलं. मॅडमनी बोलावलं तेव्हा वळून पाहिलं... डावा पाय टम्म, लालसर. उजवा काडीसारखा.

माय म्हणाली, "काही नाही बाई, केमोनं शिरा आखडल्या. शेजारची काकू रोज जवसाचं तेल गरम करून चोळून देते."

मॅडम म्हणाल्या, आजपासून या पायाला कोणी चोळायचं नाही.

सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं, वरून केमो, वरून सारखं पडून राहणं... काकू तर मायला पाण्याचा गडवाही उचलू देत नव्हती. चोळताना गाठ सुटून छातीत गेली असती तर माय हाती लागली नसती. मी सातवीत शाळा सोडली, पण एवढं समजलं.

केमो पुढं ढकलली. रक्त पातळ व्हायला पोटात इंजेक्शनं सुरू झाली. सुट्टी वाढवून मी तिथंच बाकावर बसून राहिलो.

घरी आणलं त्याच संध्याकाळी काकू तेलाची वाटी घेऊन दारात. मी सांगितलं सगळं.

काकू दारातच रडायला लागली. "मंग मी तुह्या मायले मारून राहिली होती का गा?"

मी म्हटलं, "नाही काकू. आपल्याले कोणी सांगितलंच नव्हतं."

माय पलंगावरून म्हणाली, "बस झालं वं रडणं. ते वाटी ठेव अन् मले अंगणात चालव. डॉक्टरीणबाईनं चालाले सांगितलं."

तुमच्या घरी कॅन्सरचा पेशंट असेल अन् एकच पाय सुजला, दुखला, तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच उचला अन् दवाखान्यात न्या. चुकीचं काहीच करत नव्हतो आम्ही, माया करत होतो... म्हणून तर कोणाला शंका आली नाही.

आता परत कारखान्यात आहे. मन लागत नाही, पण काम सोडलं तर इंजेक्शनं कुठून आणायची... रोज ड्युटीआधी व्हिडिओ कॉल करतो अन् पहिले पाय दाखवायला सांगतो.

आज माय वैतागली. "कधी तोंडही पाहत जाय ना रे मायचं."

पाहिलं. बरी दिसत होती.