पायानं पुसता येणारी भिंत

शैला जाऊन आज वर्ष झालं, आणि तिच्या नावानं तिच्या गावी, बेंबळीत, शुद्ध मूर्खपणा चालू आहे.

तिच्या स्मरणार्थ हॉल बांधायचा म्हणून तिच्या भाच्यानं, किशोरनं, ट्रकभर विटा उतरवून घेतल्या.

मी विचारलं, "हॉल कशासाठी?"

"ते ठरवू की, मावशी. मुहूर्त चांगला होता."

हे ऐकून शैला पुन्हा मेली असती.

शैला माझी कॉन्व्हेंटातली मैत्रीण. सिव्हिल इंजिनियर. तिला जन्मभर एकच कुतूहल: माणसं बांधलेलं लगेच का फोडतात?

आधी प्लास्टर करायचं, मग वायरसाठी तेच फोडायचं. आधी टाइल, मग नळ आठवणार. ढिगारा ओढ्यात.

माझं घर तिनंच बांधून दिलं. म्हणाली, "लीन पद्धतीनं करू. काही वाया घालवायचं नाही."

"लीन म्हणजे सडपातळ ना? मग सुरुवात स्वतःपासून कर."

खो खो हसली. माझी तिखट जीभ हसण्यावारी नेणारी ती एकटीच.

मोकळ्या प्लॉटवर तिनं चुन्याच्या फक्कीनं घर आखलं. मिस्त्री, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना एकदमच बोलावलं. आणि मला म्हणाली, "जा, चहा कर."

"कुठं?"

"किचनमध्येच उभी आहेस तू."

भर उन्हात, तीन पुरुषांसमोर, मी नसलेल्या ओट्यावर नसलेला चहा केला. कप घेऊन हॉलकडे वळले तर ओरडली, "थांब! भिंतीतून चाललीस!"

रज्जाक मिस्त्री म्हणाले, "मॅडम, काय बदलायचं ते आत्ताच सांगा. मागून फोडायला लावू नका."

शैलानं चपलेनं रेघ पुसली. दार तिथं सरकलं.

"भिंत पायानं पुसता येते तोवरच पुसावी गं."

माझ्या घरात नंतर हातोडा लागला तो फक्त कॅलेंडरच्या खिळ्याला.

आज सकाळी मी फक्कीची पिशवी घेऊन बेंबळी गाठली. किशोरच्या डोक्यातला हॉल जमिनीवर आखला. जमलेल्या बायकांना म्हटलं, "या आत. काय करणार इथं?"

सगळ्या रेघेबाहेर उभ्या. एकीनं विचारलं, "चपला काढायच्या का?"

मग किशोरची लेक तेजू आत आली. पोलीस भरतीची तयारी करते. मधोमध मांडी घालून बसली.

"मला इथं अभ्यास करायचाय. घरी कुठं जागा हाय?" मग मान वळवून म्हणाली, "पण खिडकी हिकडं नको, आजी. पारावरची माणसं दिसभर बघत बसत्यात."

किशोर म्हणाला, "अगं, पण प्लॅनमध्ये..."

"प्लॅन आहे?" मी विचारलं.



तेजूनं उठून पायानं खिडकी पुसली. किशोर त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिला. मग पाराकडे. मग लेकीकडे.

"बरं. मग कुठं पाहिजे?"

शैला, त्यानं विचारलं गं. पहिली वीट रचायच्या आधी विचारलं.

हात अजून फक्कीनं पांढरे आहेत. तसेच जोडून तुला निरोप देते.

ये आता.