पगारावर पाटी लागत नाही

छोट्या संस्थांकडचे पैसे किती दिवस पुरतील आणि अजून कशाला हवेत, हे विचारत मी गेल्या वर्षी कोकणात दिघीकडे फिरत होतो. अशा संस्थांना देणगीदार गाठून देणं, हे आमच्या ऑफिसचं काम. संस्थावाल्यांच्या नकला करून ऑफिसला हसवायचं, हा माझा जोडधंदा.

तिथल्या कोळीवाड्यात एक मावशी भेटली. मासळी विकायला जाणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी ती पाळणाघर चालवायची. बोलता बोलता पोराला या कडेवरून त्या कडेवर घ्यायची, पण स्वतःच्या बोलण्यावरून तसूभर हलायची नाही.

"मावशी, काय हवंय?"

"पोरं सांभाळनारीचा पगार. हाय तो पैका दिवाळीपर्यंत पुरंल, मंग कुलूप."

"पगाराला कोणी देत नाही. अर्जात टीव्ही लिहू? लगेच मिळेल."

"दोन हायेत. एकावर लंगोट वाळतात."

मी देणगीदार साहेबांचा घोगरा आवाज काढला, "पण आमचं नाव कुठे दिसणार?"

ती खळखळून हसली. "खरं हाय, पगारावर पाटी लागत न्हाय. साहेबाला सांग, त्या बाईच्या साडीवर तुमचं नाव लिवते. पन पगारच लिव."

मी लिहिलं. तिने ते मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा कुठे मला उठू दिलं.

ऑफिसात सर म्हणाले, "हे बदल. पगार बघून कोणी पुढे येणार नाही. टीव्ही टाक."

मावशीच्या आवाजात उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर आवाज माझाच निघाला.

"तिथे कुलूप लागेल, सर. पगारच राहू द्या."